अल्बमसाठी गाऱ्हाणं

माझी धाकटी बहीण रत्नागिरीत राहते, नोकरी सांभाळते आणि उरलेल्या वेळात स्वयंपाकघरात आवाजांचा अल्बम करते. खिडकीला गोधडी लावायची, फ्रिज बंद करायचा, की झाला तिचा स्टुडिओ. फ्रिजमधलं दूध नासतं ते वेगळंच. अल्बम आपल्या भाषेवर, पण त्यात गाणं नाही की निवेदन नाही. मिरकरवाडा बंदरातला मासळीचा लिलाव, एसटी स्टँडवरची घोषणा, कोंबड्यांना हाका मारणाऱ्या बायका, हे सगळं ती कापते, एकावर एक चढवते, उलटसुलट जोडते. ‘चावी’, ‘पगार’, ‘बटाटा’ हे पोर्तुगीजांबरोबर बंदरातून आलेले शब्द तिने कितीतरी लोकांच्या तोंडून घेतले आणि त्यांचा असा ठेका धरला, की ऐकताना माझे पाय हलायला लागले. एवढी अक्कल हिला कुठून आली, मला कळत नाही. आमच्या घरात कुणी साधी पेटीही वाजवत नाही.

तिला हवा होता बाबांचा आवाज. बाबा देवरुखकडच्या खेड्यातले. मुंबईला ऑफिसात लागले तेव्हा त्यांच्या बोलण्याला लोक हसले आणि त्यांनी ते बोलणंच सोडलं. आमच्याशीही ते कायम पुस्तकी मराठी बोलले. गावची बोली फक्त आजीशी, आणि आजी जाऊन खूप वर्षं झाली. बाबांचं ते बोलणं मिळालं नाही तर अल्बम पुरा करायचाच नाही, असं बहिणीने ठरवलं होतं. पण आमच्याकडची माणसं अशी, की समोर फोन धरला की मासे विकणारीसुद्धा बातम्या दिल्यासारखी बोलते. बाबांनी तर कॉलर नीट करून ‘माझे बालपण अत्यंत कष्टात गेले’ अशी सुरुवात केली. असे बरेच प्रयत्न वाया गेले. ती चिडली नाही. मी असते तर फोन आपटला असता.

मे महिन्यात मी तिच्याकडे गेले होते, बाबाही तिथेच होते. एवढं काम काढलंयस तर देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला हवं, असं बाबाच म्हणाले. बहिणीने त्यांना सांगून फोन देव्हाऱ्याजवळ ठेवला. देवाशी ऑफिसातल्या मराठीत बोलायची सवय मात्र बाबांना नव्हती.

“बा देवा म्हाराजा, ही माजी लेक आपल्या बोलीचा काय ता करत्येय…”

मग ते थांबले. आम्ही दोघी श्वास रोखून गप्प, रेकॉर्डिंग बिघडायला नको म्हणून. बाबा वाट बघत राहिले. शेवटी मागे न बघता म्हणाले, “व्हय म्हाराजा कोन म्हननार?”

खरंच की. मागे उभ्या असलेल्यांनी होकार दिल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. बहिणीने हेडफोन काढून ठेवले आणि आम्ही होकार दिला.

“ही बोली मी माज्या पोरींना दिली नाय, कोन हसंल म्हनून. आता ती आपनहून मागाय आली हाय. तिला ती मिळू दे रे म्हाराजा.”

मी तोंड उघडायच्या आत बहीण एकटीच म्हणाली, “व्हय म्हाराजा,” आणि तेही थेट बाबांच्या हेलात. बाबा वळले आणि त्यांनी नारळ तिच्या हातात दिला.