बिनधुराची शेगडी

नाव : इंदूबाई. राहणार : पळसदरी, तालुका कर्जत. वय : आधार कार्डावर एक, स्वतःच्या हिशेबाने दुसरे. व्यवसाय : भातशेती, जोडीला गावातल्या बाळंतिणींना अंग चोळणे, न्हाऊ घालणे व शेक देणे. अनुभव : गावातली निम्मी तरुण मंडळी. अपघात : निरंक.

सदर इंदूबाई गेल्या हिवाळ्यात लेकीच्या, म्हणजे सुरभीच्या, बाळंतपणासाठी नेरळला दाखल झाल्या. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण जावई नवीनला दवाखाना जवळ हवा होता. तेव्हा माहेरच टेंपोत बसून फ्लॅटवर आलं : सुंभाची बाज, शेगडी, कोळशाचं पोतं, ओवा, बाळंतशेपा. बेडरूमच्या सरकत्या खिडक्या पाहून इंदूबाईंना समाधान वाटलं. वारा आत यायला फट म्हणून नव्हती. बाळंतिणीला वारा बाधतो, याबाबत त्यांच्याशी चर्चा होत नसे.

नवीनने बाथरूममधल्या गॅस गीझरच्या धास्तीने पॅसेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला होता. पहिल्याच शेकाला, ओव्याची धुरी चालू असताना, तो कर्कश ओरडू लागला. बाळ दचकून रडलं. सासूबाईंच्या धुरीला हरकत घेणं जावयाला शोभत नव्हतं, म्हणून त्याने हरकत घेणाऱ्यालाच हॉलमध्ये टीव्हीमागे हलवलं. धुराला वाजत असेल, अशी स्वतःची समजूत घातली. अलार्मसोबतची माहिती त्याने वाचली होती, पण गीझरपुरती.

दुसऱ्या दिवशी शेक चालू असतानाच सुरभीचं डोकं ठणकू लागलं, मळमळू लागलं. वारा बाधला, असं इंदूबाईंनी निदान केलं. एसीच्या पाइपासाठी भिंतीला भोक ठेवलं होतं, त्यात त्यांनी फडकं कोंबलं आणि बाजेखाली आणखी कोळसे घातले. शेक संपवून हॉलमध्ये येऊन बसल्यावर सुरभीला जरा बरं वाटलं. श्रेय शेकाला गेलं.

तिसऱ्या दिवशी हॉलमधून अलार्म पुन्हा ओरडू लागला. नवीन बेडरूमचं दार उघडून शक्य तितक्या नरमाईने म्हणाला, "आई, आज धुरी राहू द्या ना."

"लावलीच नाय, जावईबापू. बाळाला खोकला हाय."

खोलीत खरंच धूर नव्हता. बाजेखाली निखारे शांत, लालबुंद फुलले होते. नवीन निखाऱ्यांकडे बघत राहिला.

"मग ते कुणावर ओरडतंय?" त्याने विचारलं.

सुरभीचे डोळे उघडे होते. त्याने तिला हाक मारली, ती काही बोलली नाही.

"सुरभे, बोल की गं," इंदूबाई म्हणाल्या आणि उठायला गेल्या. पाय उचलेनात. मांडीवर बाळ होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी वर धरलं. "हिला घ्या आधी."

नवीनने बाळ उचललं आणि जिन्यात शेजारणीच्या हातात दिलं, खिडक्या सरकवल्या, सुरभीला ओढत बाहेर नेलं. इंदूबाई भिंत धरधरून मागून आल्या.

दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. बाळ गप्प होतं. दोन दिवस ज्याच्या रडण्याने घर वैतागलं होतं, त्याच रडण्याची आता सगळे वाट बघत बसले. इंदूबाई मास्क बाजूला करून नर्सला एकच विचारत : "रडली का?" नर्स मास्क परत लावी. अखेर पलीकडून बारीक ट्यँहँ ऐकू आलं. मग सुरभीनेही पाणी मागितलं.

डॉक्टरांनी समजावलं : हा वायू कोळशातून निघतो, त्याला ना वास, ना रंग. बंद खोलीत तो साचतो, त्याला बाहेर पडायला वाट लागते. शेगडी घरात नको. अलार्म ओरडला की माणसांनी बाहेर जायचं, अलार्मने नाही.

इंदूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आजवर इतक्या पोरी शेकल्या," त्या हळूच म्हणाल्या, "कुणाला काय झालं नाय."

हे खरं होतं. ती सगळी घरं कौलारू होती.