वरच्या पाड्याची पातळी

मेघा फेगडे जेवायला बसली तरी तिचं अर्धं लक्ष बाहेर असायचं. यावलजवळच्या खेड्यात तिचे वडील गिरधरभाऊ दुपारी केळीच्या बागेतून घरी येत, तोवर ही पोरगी गावाला दोन चकरा मारून आलेली असे. "तुले एका जागी बसता येत नाही का वं?" ते विचारायचे. उत्तर द्यायलाही ती थांबायची नाही.

जळगावला सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी तिनं प्रकल्पासाठी यावल-रावेर पट्ट्यातल्या चाळीस विहिरींचं पाणी मोजलं. स्कूटीच्या डिकीत टेप आणि वही, अंगावर बागांमधला चिखल, असे चार महिने. पाणी खाली चाललंय हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. आता ते तिच्याच अक्षरात, तारखेवार समोर होतं आणि त्यानंतर तिला दुसऱ्या कुठल्या कामात रस वाटेना. वर्गातली बहुतेक मुलं पुण्याला उंच इमारतींच्या कामांवर गेली. मेघा धुळ्याला गेली, खेड्यांच्या नळयोजनांचे आराखडे करणाऱ्या एका लहानशा कंपनीत.

काम तिला मनापासून आवडलं. गाव बघायचं, विहीर कुठे, टाकी कुठे, शेवटचं घर किती उंचावर, हे मोजायचं आणि कागदावर पाणी चालवून बघायचं. पण एका गावाचं मोजमाप चालू असताना तिचं मन पुढच्या गावात पोचलेलं असायचं. इतरांना आठ दिवस लागत तिथे ती चार दिवसांत उरकायची. तिचे वरिष्ठ हितेंद्र बोरसे नव्या पोरांना सांगायचे, "मेघाकडून शिका." दोन वर्षांत तिनं चौदा योजनांची मोजणी केली.

त्यातलीच एक पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या गावाची. टेकाडावर टाकी बांधायची आणि तिथून उतारानं पाणी घरोघर जाणार. गावापलीकडे एक नाला होता आणि नाल्याच्या वर अकरा घरांचा पाडा. शेवटच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, पाच वाजताची बस गाठायची होती आणि नाल्यात गुडघाभर पाणी होतं. मेघानं अलीकडूनच पाड्याकडे पाहिलं, मोबाइलवरच्या नकाशातून त्याची उंची उचलली आणि वहीत लिहिली. टाकीच्या तळापेक्षा नऊ मीटर खाली.

योजना दीड वर्षात उभी राहिली. नारळ फुटला, फोटो निघाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी काम पूर्ण झाल्याचा अहवाल लिहायला मेघा पुन्हा गेली, तेव्हा पाणी सोडणारा मगन तिला गावभर फिरवत होता. खालच्या आळीत प्रत्येक नळाला चांगली धार होती.

"आणि नाल्यापलीकडे?" तिनं विचारलं.

मगननं हात झटकला. "तठे जात नही ताई. खालचे नळले मोटारी लावतस, म्हनीसन वर चढत नही."

या खेपेला नाला कोरडा होता. ती चढून गेली. पहिल्याच घरापुढे भिकुबाई नावाची साठीची बाई शेंगा फोडत बसली होती. बाजूला नवाकोरा नळ, त्याच्या तोटीवर कोळ्यानं जाळं विणलेलं.

"अक्का, पाणी कधीच आलं नाही?"

"नही." भिकुबाईनं तिला निरखून पाहिलं. "तुम्ही मोजणी कराले उनतात ना? नालापाइनच माघारी फिरनात. मी देखं."

नाल्यावरूनच परत फिरलेली मेघा तिनं पाहिली होती, पण आवाजात राग नव्हता. म्हणूनच मेघाला ते जास्त लागलं. तिनं मागं वळून टाकीकडे पाहिलं. टाकी वर दिसायला हवी होती. ती जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत होती, किंबहुना किंचित खालीच. तिनं पिंपळनेरहून पातळी मोजायचं यंत्र मागवलं आणि दुसऱ्या दिवशी दोनदा मोजलं. पाडा टाकीच्या तळापेक्षा दोन मीटर वर होता. कुणी मोटारी लावो न लावो, तिथे पाणी चढणंच शक्य नव्हतं.

धुळ्याला परतताना कुसुंब्यापर्यंत तिला बसमध्ये जागा मिळाली नाही आणि मिळाली तेव्हा बसवेना.

बोरसे सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून केबिनचं दार लावलं.

"मोटारींचं कारण गावानंच दिलंय. तेच राहू दे. वर्षभरानं दुरुस्तीत एक छोटा पंप बसवून टाकू."

"सर, चूक माझी आहे. मी वर गेलेच नव्हते."

"हे लिहून दिलंस तर तुझ्या सगळ्या कामांवर बोट ठेवतील."

"ठेवायलाच हवं," ती म्हणून गेली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. घाई काही त्या एकाच दिवशी झाली नव्हती. चौदा गावं होती.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचं नोकरीचं बोलावणं आलं. त्याचं पाकीट ती पिशवीत घेऊन फिरली. रविवारी घरी गेली, ताटावरून दोनदा उठली. गिरधरभाऊंनी शेवटी विचारलं, "झालं तरी काय?"

तिनं सांगितलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "पुन्याले गेल्यावर ते गाव इसरशीन का?"

"नाही."

"मंग काहाले जातं?"

सोमवारी तिनं चुकीची कबुली देणारं पत्र बोरसे सरांच्या हातात ठेवलं. कुठे, कधी, काय मोजलं नाही, आणि त्याचा परिणाम काय, सगळं एका पानात. पुढचे दिवस वाईट गेले. योजनांची स्वतंत्र जबाबदारी तिच्याकडून काढून घेतली. बोरसे सर महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलले. एका बैठकीत कुणीतरी तिच्यासमोरच म्हणालं की हल्ली इंजिनिअर मोबाइलवर डोंगर मोजतात.

उरलेल्या तेरा गावांच्या शेवटच्या घरापर्यंत जायचं तिनं ठरवलं. सुट्टीच्या दिवशी, एसटीनं, यंत्र खांद्यावर घेऊन. पाचव्या गावापर्यंत तिला झोप नीट लागत नव्हती. वहीतला जुना आकडा नव्याशी जुळेपर्यंत ती पुन्हा पुन्हा मोजायची. बारा गावं जुळली. साक्री तालुक्यातलं एक जुळलं नाही. तिथे नळ अजून टाकायचे होते. तिनं स्वतः नकाशा बदलून नेला, तेव्हा बोरसे सर पहिल्यांदा तिच्याकडे बघून म्हणाले, "बस. चहा घे."

पाड्याचं काम मंजूर व्हायला नऊ महिने गेले. पाड्याच्या वर लहान टाकी, तिच्यात पाणी चढवायला मोठ्या टाकीजवळ पंप. या नऊ महिन्यांत मेघा सात वेळा तिथे गेली. दर वेळी सांगण्यासारखं काहीच नसायचं, तरी जायची. भिकुबाई तिला ताक द्यायची आणि कामाचं विचारायची नाही.

पंप सुरू झाला त्या सकाळी अकरा नळांपुढे अकरा घरं उभी होती. आधी नुसती हवा फुसफुसली, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. बायका हंडे घेऊन पुढे सरसावल्या. भिकुबाईनं हात धुतले, पदराला पुसले आणि मेघाला म्हणाली, "आते उन्हायामा देखूत."

आभार नाहीत, काही नाही. पण मेघाला ते वाक्य पटलं. उन्हाळ्यात हे पाणी टिकेल का, हेच तिच्याही मनात होतं.

आज ती त्याच कंपनीत मोजणीच्या कामाची प्रमुख आहे. नव्या मुलामुलींनी शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून पातळी घेतल्याशिवाय ती आराखड्यावर सही करत नाही. कुणी कुरकुर केली की स्वतःचं ते एका पानाचं पत्र वाचायला देते. सबंध जिल्ह्यातून तिला बोलावणी येतात. काम आवडतं का, असं विचारलं तर ती पटकन "हो" म्हणते आणि पुढच्या क्षणी घड्याळ बघते.

यंदा मे महिन्यात ती पाड्यावर गेली. नळाला पाणी होतं, दिवसाआड. मगन म्हणाला, विहीर गेल्या वर्षीपेक्षा खाली गेलीय. मेघानं पिशवीतून टेप काढली, विहिरीच्या काठावर पोटावर आडवी झाली आणि टेप हळूहळू खाली सोडू लागली.