अर्धा फेरा
परवा बाजारात एका ट्रकखाली डिझेल ठिबकत होतं, आणि त्या वासानं साठ सालच्या आसपासची आमच्या थळ गावातली ती सकाळ डोळ्यांसमोर उभी राहिली. मी तेव्हा सुक्या मासळीचा ट्रक चालवायचो. अंगणात उभा केला की त्याच्याखाली ओला डाग पडायचा आणि सकाळी तो लवकर चालू व्हायचा नाही. मी म्हणायचो, इंजिन म्हातारं झालंय, तेल गळतंय, थंडीनं आखडतंय. एकदा बायकोनं वाकून त्या डागाला बोट लावलं. म्हणाली, "ह्ये पातळ हाय. डिझेलचा वास येतोय, तेलाचा न्हाय." मी हसलो. "तू आपले बोंबील हुंग. मेस्तरी होऊ नको." पुढं पौषात एका पहाटे तिला कळा लागल्या. सुईण म्हणाली, पोर आडवं आलंय, अलिबागला न्या. ट्रक चालू होईना. मी थंडीलाच धरून बसलो. इंजिनवर कढत पाणी ओतलं, चिंध्या पेटवून शेकलं. अंगणात ऊन आलं तेव्हा कुठं डिझेलच्या नळीला हात लागला. ओली होती. तिथून डिझेल गळायचं आणि रात्रभर आत हवा शिरायची. नळीचा ढिला नट अर्धा फेरा आवळला, हवा काढली, इंजिन लगेच चालू झालं. पोर वाटेतच गेलं. तिला मी सांगितलं, तेलाचा पंप बिघडला होता. चाळीस वर्षं तेच सांगत आलो. गेल्या महिन्यात ती गेली, त्याच्या आदल्या दिवशी नटाचं बोललो. ती म्हणाली, "ठाव हाय मला. त्या दिशी मला उचलून ट्रकात घातलंत, तवा तुमच्या हातांना डिझेलचा वास व्हता."