बी साइडची शिट्टी

रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही तिघं खांदा कॉलनीतल्या एका मित्राच्या हॉलमध्ये जमतो आणि जेवायच्या वेळेपर्यंत भांडतो. विषय एकच, जुनं रॉक. घर ज्याचं आहे त्याला आम्ही रेकॉर्डवाला म्हणतो. न्हावा शेवाला बंदराच्या एका ऑफिसात जन्म काढून तो रिटायर झाला. लोक रिटायर झाल्यावर तीर्थयात्रा करतात, याने रेकॉर्ड जमवल्या. दुसरा उरणचा, कोळ्यांच्या घरातला, बंदरात क्रेन चालवणारा. शिफ्ट असली की त्याचा रविवार बुडतो. तिसरा मी, आणि माझं काम शेवटचा शब्द बोलायचं. कुठल्या अल्बमच्या कुठल्या बाजूला कितवं गाणं, कुठला ड्रमर कुणाशी भांडून गेला, सगळं मला तोंडपाठ. निदान मी तसं समजत होतो.

रेकॉर्डवाल्याचं मत असं की कीबोर्ड आला आणि रॉक मेलं. मी म्हणतो, कीबोर्डाने काही झालं नाही, केसांनी झालं. ऐंशीच्या सुमाराला या लोकांचे केस वाढले आणि सूर घटले. उरणवाला आमच्या भांडणात पडत नाही. "पोटात वाजला पायजे, कानात नाय," एवढंच तो म्हणतो आणि बासचा आवाज वाढवून मोकळा होतो. खरं सांगायचं तर तिघांत शहाणा तोच.

एका रविवारी उरणवाला नव्हता. रेकॉर्डवाल्याने विषय काढला, की रॉकमधला सगळ्यात भारी आवाज कुठला, पण वाद्याचा नसलेला. मी क्षणाचाही विचार केला नाही. आमच्या दोघांच्या लाडक्या एका अल्बममध्ये बी साइडला शेवटचं गाणं आहे. रेडिओवर ते कधी वाजत नाही, कुणाला फारसं ठाऊकही नाही. गाव कायमचं सोडून निघालेल्या माणसाचं गाणं. मी म्हटलं, गिटार चढत चढत अगदी टोकाला जाते आणि तेवढ्यात मागून इंजिनाची शिट्टी होते. गाडी सुटली! माणूस गेला! एक शब्द न गाता सगळं सांगून टाकलं. याला म्हणतात प्रतिभा.

"कुठली शिट्टी?" तो म्हणाला.

"कुठली म्हणजे? कान आहेत का भोकं?"

तो उठला. शांतपणे रेकॉर्ड काढली, फडक्याने पुसली, लावली. गिटार चढली, टोकाला गेली आणि उतरली. शिट्टी झाली नाही. त्याने सुई मागे घेऊन पुन्हा लावली. तरी नाही.

"म्हातारा झालास लेका," तो हसत म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला.

तो सहज बोलला. मी मात्र घाबरलो.

का, ते सांगायला बाबांकडे जावं लागेल. पासष्टी उलटल्यावर एका सकाळी बाबा दूध आणायला म्हणून पनवेलच्या घरातून निघाले आणि दुपारी कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रकांच्या रांगेत सापडले. अंगात पायजमा, हातात रिकामी पिशवी. कुणा ड्रायव्हरने त्यांना चहा पाजून बसवून ठेवलं होतं. मी धावत गेलो तर माझ्याकडे पाहून अदबीने म्हणाले, "आपण कोण?" पण तो शेवट. सुरुवात विसरण्याने झालीच नव्हती. सुरुवातीला ते नसलेलं सांगायला लागले होते. आमच्याकडे गाय होती, तिचं दूध आटवून आई बासुंदी करायची, असं पाहुण्यांना रंगवून सांगायचे. आम्ही सात जन्मात गाय पाळली नव्हती. आम्ही खो खो हसायचो. मी तर गाय कुठल्या रंगाची म्हणून त्यांना मुद्दाम विचारायचो. आता आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते.

आणि गेलं वर्षभर माझंही काहीतरी बिनसलं होतं. भाजी बाजारात स्कूटर उभी करून मी चालत घरी आलो आणि मग स्कूटर चोरीला गेली म्हणून सोसायटीत बोंब ठोकली. शेजारच्याचं नाव ओठांवर येऊन परत जायचं. बायको दोन-तीनदा म्हणाली, "एकदा दाखवून येऊ या ना. मेंदूचे डॉक्टर आहेत, चांगले आहेत म्हणतात." मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, मला वेड लागलेलं नाही. पण बाथरूममध्ये नळ सोडून मी स्वतःची परीक्षा घ्यायचो. एकेका अल्बमची ए साइड, मग बी साइड, गाणी ओळीने म्हणायची. सगळी आली की जीव भांड्यात पडायचा. तेवढी एक गोष्ट माझ्याकडे शाबूत होती, आणि आता तिथेही गाय निघाली होती.

पुढचा आठवडा मी त्या एकाच गाण्यात काढला. फोनवर त्याची जेवढी रूपं मिळाली तेवढी ऐकली. स्टेजवरची, जुनी, नवी, साफसूफ केलेली. कानात इयरफोन घालून गच्चीवर येरझारा घालायचो आणि गिटार चढायला लागली की जागीच थांबायचो. शिट्टी कुठेच नव्हती. पण डोळे मिटले की मला ती ऐकू यायची, स्पष्ट. हे जास्त भयंकर होतं. बायको विचारायची, काय ऐकतोस एवढं? मी काही नाही म्हणायचो.

पुढच्या रविवारी जाऊच नये असं वाटत होतं, पण रेकॉर्डवाल्याचा फोन आला, ये म्हणाला, गंमत आहे. गेलो तर उरणवाला आधीच बसलेला. रेकॉर्डवाल्याने माझा पराक्रम त्याच्या कानावर घातला होता आणि तो खिशात एक कॅसेट घेऊनच आला होता.

"अरे येड्या," तो म्हणाला, "ती शिटी गाण्यात नाय. तुझ्या घरातली हाय. कुकरची!"

त्याने कॅसेट माझ्यासमोर धरली.

"कालेजात असताना तुझ्या कॅसेटवरून मी भरून नेली ती ही. आमच्या घरात अजून त्याला कुकरचं गाणंच बोलतात."

आणि मग आठवलं. अकरावीत होतो. मुंबईच्या मावसभावाने ती कॅसेट दोनच दिवसांसाठी दिली होती. आमच्याकडे एक टेपरेकॉर्डर, शेजारून दुसरा मागून आणलेला. दोन्ही तोंडाला तोंड लावून पलंगावर ठेवले, एक वाजतोय, दुसरा ऐकतोय. घरात मी फर्मान काढलं होतं, पाऊण तास कोणी बोलायचं नाही. आई-बाबा दोघं कबूलही झाले होते. पण भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं, आणि कुकर काही कुणाचं ऐकत नाही.

रेकॉर्डवाल्याने कॅसेट लावली. आधी नुसती खरखर. मग गिटार, पातळ, दुरून आल्यासारखी. चढली. टोकाला गेली. आणि शिट्टी झाली! अगदी तिथेच, जिथे मला ऐकू येत होती तिथे. दोघं टाळ्या पिटत हसायला लागले. मला सरळ रडू आलं. बावन्न वर्षांचा बाप्या, पण लाज वाटली नाही. माझं डोकं ठिकाणावर होतं. गाय खरी होती!

"थांब, पुढं ऐक," उरणवाला म्हणाला. "पुढं तर खरी मजा हाय."

शिट्टीनंतर गिटारच्या मागे एक आवाज आला. बाबांचा. दबका, पण त्यांचाच.

"किती झाल्या गं?"

"दोन," आईचा आवाज.

"बरं."

गायक परत आला. दोन ओळी गायला. मग पुन्हा बाबा, त्याच सुरात, "किती झाल्या गं?"

"अहो, आत्ताच सांगितलं ना! दोन," आई म्हणाली आणि हसली.

माझे दोघे मित्रही हसले. रेकॉर्डवाला म्हणाला, काका ग्रेट होते. मी म्हटलं, मागे घे. त्याने मागे घेतलं. मी पुन्हा ऐकलं, मग आणखी एकदा. गाण्याच्या आवाजात त्यांना पहिलं उत्तर ऐकू गेलं नसेल, असं मी स्वतःला समजावत होतो. पण ते "बरं" म्हणाले होते. तिन्ही वेळा ते "बरं" स्पष्ट ऐकू आलं. उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, आणि दोन ओळींत पुसलं गेलं होतं.

मी शेंडेफळ. मी अकरावीत होतो तेव्हा बाबा बावन्न वर्षांचे होते. सगळ्यांच्या लेखी ठणठणीत. गाय यायला अजून दहा-बारा वर्षं होती.

मित्रांना मी काही सांगितलं नाही. उरणवाल्याने कॅसेट मला देऊ केली, म्हणाला, तुझी आई हाय त्यात, ठेव. मी नको म्हटलं आणि डोकं दुखतंय सांगून निघालो. स्कूटर कुठे लावली हे येतानाच तळहातावर पेनाने लिहून ठेवलं होतं.

घरी आलो तर बायको राजमा लावत होती. मी हॉलमध्ये सोफ्यावर बसलो, पेपर उघडला. वाचत काहीच नव्हतो. एकदा माणूस पाहुण्यांसमोर गाय बांधून बसला की डॉक्टर तरी काय करणार, हा विचार मनातून हटत नव्हता. पण त्याच्या आधी, अगदी आधी दाखवलं असतं तर? बाबांना कुणी दाखवलंच नव्हतं. आम्ही हसलो होतो. आई पण हसली होती. आतून शिट्टीचा आवाज आला आणि मी सवयीने हाक मारली.

"किती झाल्या गं?"

ती हातात कालथा घेऊन दारात आली. हसत होती.

"अरे, आत्ताच सांगितलं ना! तीन."

मी तिच्याकडे पाहिलं. मी आधी विचारल्याचं मला आठवत नव्हतं. मी आठवायचा खूप प्रयत्न केला. काही नव्हतं तिथे.

"मी काय म्हणालो त्यावर?" मी विचारलं.

"कशावर?"

"तू तीन म्हणालीस, त्यावर."

"काय म्हणणार? बरं म्हणालास." तिचं हसू उतरलं. "काय झालं रे? चेहरा असा का झालाय?"

"त्या डॉक्टरांची वेळ घे," मी म्हटलं. "आत्ताच फोन कर. उद्या मी नाही म्हणेन, तुझ्यावर ओरडेन. तरी मला ने."

तिने आत जाऊन गॅस बंद केला आणि फोन शोधायला लागली.