भस्माचा सत्कार आणि अप्पा

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "कशानं?" त्यांचा मुलगा म्हणाला, "हृदय बंद पडलं, काका. लिव्हर शेवटपर्यंत ठणठणीत होतं." डोळे भरून आले, पण आत कुठंतरी वाटलं... जिंकले की!

शिवलिंगअप्पा उदगीरच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडते, माझे शाळासोबती. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात नांदेडच्या डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचा तुकडा तपासून यकृताचा कर्करोग सांगितला. शस्त्रक्रिया होण्यासारखी नव्हती, महिने थोडेच होते. अप्पा उपचार न घेता घरी परतले. आमच्या समाजात माणसाला बसवून पुरतात, आणि जमीन तर दगड झालेली. म्हणून भावकीनं शेतात समाधीचा खड्डा आधीच खणून ठेवला. आमच्या गावाला तयारीची भारी हौस. उदगीर अजून जिल्हा झालेलं नाही, पण 'जिल्हा उदगीर' अशा पाट्या कधीच रंगल्या होत्या. अप्पा स्वतः खड्ड्यात बसून आले आणि भावकीला म्हणाले, "गुडघे टेकायलेत. अजून हातभर रुंद करा."

पुढं ती गाठ आपोआप आटत गेली, दिसेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, "असं क्वचित होतं. का होतं, ते आम्हाला नीट माहीत नाही." हे उत्तर अप्पांना फार आवडलं. गावाला मात्र कारण पक्कं ठाऊक होतं. गावातल्या मठाच्या महाराजांचं भस्म! अप्पांच्या बायकोनं ते एकदा त्यांच्या कपाळाला लावलं होतं, एवढाच पुरावा.

जिल्ह्याच्या मागणीसाठी सभा भरली, तिथं महाराजांच्या हस्ते अप्पांचा सत्कार ठरला. शाल, फेटा, फोटोवाले... पहिल्या रांगेत शेजारची सुमन बसली होती. स्तनाच्या कर्करोगावरचे नांदेडचे उपचार अर्ध्यात सोडून ती भस्मावर विसंबली होती, अप्पांकडं बघून. अप्पांनी शाल घेतली नाही, माईक घेतला.

"मी कशानं वाचलो, मला न्हाई माहीत. डॉक्टरालाबी न्हाई, महाराजालाबी न्हाई. सुमन, ऊठ. उद्या सकाळच्या गाडीनं नांदेड. मी यायलो सोबत."

"अप्पा, लोक काय म्हणतील?" सुमन म्हणाली.

"म्हणू दे की! लोकाला लई माहीत असतंय."

मठाचे लोक वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. अप्पा म्हणायचे, बरं झालं, दुकानात शांतता हाय. सुमनच्या प्रत्येक खेपेला मात्र ते सोबत गेले, तिचे उपचार पुरे होईपर्यंत.

परवा शोकसभा झाली. महाराज उठले, डोळे मिटून म्हणाले, "अप्पांना इतकी वर्षं मिळाली ती आमच्या भस्मानं—"

मागून सुमन उभी राहिली.

"महाराज, बसा."

महाराज बसले.