पोळ्याच्या दिवशी चालू राहिलेला पट्टा

मी लेखक नाही. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि करार, युनियन असल्या गोष्टींवर लिहिण्याइतका माझा अभ्यासही नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. पण त्या दोन वर्षांतली घालमेल अजून पुरती गेलेली नाही, म्हणून लिहितो.

माझे बाबा राजुऱ्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात वॅगनमध्ये पोती चढवायचे. त्यात कंबर गेली, तेव्हा त्यांना फाटकी पोती शिवायचे बैठे काम मिळाले. ती कोणाची मेहरबानी नव्हती. कामावर जायबंदी झालेल्याला हलके काम द्यायचे, असे युनियनने कंपनीशी केलेल्या करारातच होते.

मी गडचिरोलीला बी.ए. करत असताना कंपनीने लोडिंगचे काम ठेकेदाराला दिले. पोती तीच, माणसे तीच, मालक नवा. आणि दिवस निवडला पोळ्याचा.

आमच्याकडे गोठ्यात बैल असो नसो, पोळ्याला माणूस गावी जातोच. लोडिंगची जवळजवळ सगळी टोळी जायची. रजेचा अर्ज कोणी देत नसे, तसा रिवाजच होता. त्या दिवशी वॅगनपर्यंत पोती वाहणारा पट्टा बाबांचे जुने जोडीदार, राजुऱ्याचे चाचा आणि त्यांच्या मोहल्ल्यातले तीन-चार जण चालवायचे. ईदला मग आमची माणसे त्यांची पाळी करायची. टोळी परतली तेव्हा गेटवर ठेकेदाराचा मुनीम उभा होता.

"जुनं काम पोळ्याले बंद झालं," तो म्हणाला. "हे आमचं नवं काम. तुमचा करार कंपनीशी, आमच्याशी नाई." आणि बाबांकडे बघून, "पोती उचला, नाई तं घरी बसा."

बाबा घरी बसले. पण हात रिकामे राहीनात, शेजाऱ्यांची फाटकी पोती मागून आणून शिवायचे. युनियन कोर्टात गेली. पोळ्याला काम बंद नव्हते, हे सांगू शकणारे मुख्य माणूस चाचा. आणि त्यांना ठेकेदाराने सुपरवायझर केले होते.

दिवाळीच्या सुट्टीत बाबा मला घेऊन चाचांकडे गेले. साक्ष द्याल का, हे मला नीट विचारताही येईना.

"पोट्टा कॉलेजात शिकून राह्यला, पण बोलाले भेते," बाबा म्हणाले.

चाचा हसले. "मी आता साहेब झालो भाऊ. मले सलाम कर पयले."

"केला असता. पण वाकता येत नाई ना मले!"

दोघेही मोठ्याने हसले. मग चाचा म्हणाले, "घरात खाणारे सात हायेत, बेटा. सोचू दे मले."

तेवढे ऐकून मी होस्टेलवर परतलो. पुस्तक उघडायचो, मिटायचो, बसस्टँडवर जाऊन राजुऱ्याकडच्या बसमधून कोणी ओळखीचे उतरते का बघत राहायचो. तारखा पुढे जात राहिल्या. शेवटी चाचा कोर्टात उभे राहिले. म्हणाले, "सकाळी पट्टा कंपनीसाठी चालू केला, संध्याकाळी ठेकेदारासाठी बंद केला. मधात थांबवलाच नाई, तं जुनं काम संपलं कवा?" त्यांची सुपरवायझरी त्याच आठवड्यात गेली, कामही गेले.

निकाल यायचा होता, तेव्हा मी भामरागडजवळच्या एका आश्रमशाळेत शिकवायला लागलो होतो. पावसाळ्यात नदीला पूर आला, रस्ता तुटला. बस नाही, फोन नाही. मुलांना पाढे देऊन मी पाणी किती उतरले ते बघायला जायचो.

रस्ता सुरू झाल्या दिवशी पहिल्या बसने आलापल्ली गाठली आणि तिथून घराशेजारच्या दुकानात फोन लावला. बाबांना बोलावून आणेपर्यंत मी फोन चालूच ठेवला.

"बाबा, काय झालं?"

"अरे, तो ठेकेदार तं गेला. दुसरा आला."

"मग निकाल?"

"लागला ना! कोर्टानं म्हटलं, काम तेच हाय. जो कोणी ते काम घेईन, त्याले करार पाळा लागन. चाचा आन् मी, दोघंबी सोमवारी कामावर चाललो."