वडिलांच्या नावची माफी

दहाव्याला भटजींनी माझ्या हातून पाणी सोडवलं. वडिलांच्या कळत-नकळत घडलेल्या पापांचं प्रायश्चित्त. त्यासाठी गाय दान द्यायची, पण गायीच्या जागी नारळ चालला. मला ते फार सोपं वाटलं. आमच्या घरावर एका मरणाचं ओझं होतं.

आठ वर्षांपूर्वी, कॉलेजच्या सुट्टीत मी वडिलांच्या होडीवर गेलो होतो. दुसऱ्या दिवशी एका खलाशाला ताप भरला. मासळी चांगली लागत होती, तरी वडिलांनी मला विचारलं, "फिरवू या का होडी?" होडीवर वाचता येणारा मी एकटाच. औषधाच्या पाकिटावरचं वाचून मी त्याला गोळी दिली. म्हणालो, "उतरेल ताप. फिरायची गरज नाही." चौथ्या दिवशी किनाऱ्याला लागलो तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. पालघरच्या दवाखान्यात नेताना, उमरोळीच्या आसपास गेला. गाव वडिलांना बोललं. मी गप्प राहिलो.

समाचाराला तारापूरचे बर्फवाले चाचा आले. म्हणाले, "आमच्यात मय्यत उचलायच्या आधी मुलगा लोकांना विचारतो, यांनी कुणाला दुखवलं असेल तर माफ करा. अल्ला आपल्यापुरतं माफ करतो. माणसाचं माणसालाच विचारावं लागतं, बेटा."

ख्रिस्ती लोकांच्या पापकबुलीबद्दल मी वाचलं होतं, जैनांच्या क्षमापनेबद्दलही. तिथे माणूस स्वतःचं पाप घेऊन जातो. तेरावं झाल्यावर, शाळेत शिकवायला परत जाण्याआधी, मी वडिलांचं घेऊन निघालो.

त्या खलाशाची आई बोंबील वाळत घालत होती. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायची आणि जोडी बांबूवर टाकायची.

"मास्तर, वाट चुकला काय?"

"मावशी, बाबांना माफ कर. त्यांच्या वतीनं मागायला आलो."

"तुजा बापूस दर सालाला येत होता. पाया पडायचा. बोलायचा, चूक माजीच, मीच होडी फिरवली नाय." तिनं आणखी एक जोडी टाकली. "त्याला मी कवाच माफ केला. तू कशाला आला?"

मला परत जाता आलं असतं.

"बाबा फिरवणार होते," मी म्हणालो. "मीच नको म्हटलं. गोळीही मीच दिली."

तिचे हात थांबले.

"मंग त्याला मी कशाची माफी दिली रं?"